आठ कांड्यांवरचे बाण

३ नोव्हेंबर

चि. ठकूस,

आशीर्वाद. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस. तिने तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा पेन कुठे ठेवलंय ते विचारलं.

कामाचंच बोलते. या महिन्यात मी निवृत्त होतेय. बावीस तारखेला निरोप समारंभ आहे, त्याआधी प्रयोगशाळेतल्या सगळ्या सामानाची यादी करून द्यायची आहे. कोठारात कड्यांतून कोरून काढलेल्या दगडाच्या नऊशे बारा कांड्या असायला हव्यात. नमुने तापवायची भट्टी सांभाळणाऱ्या आपल्या भट्टीवाल्याने आणि मी दोनदा मोजल्या, नऊशे चार भरतात. कमी आहेत त्या आठ लाल चिखलदगडाच्या, आपल्या त्या नमुने गोळा करायच्या सहलीतल्या पाचव्या दिवसाच्या. प्रत्येकीची आतली अर्धी कापून आपण यंत्रात मोजली होती आणि बाहेरची अर्धी पेटीत ठेवली होती. ती पेटी तू गेलीस त्या दिवशी गेली. मी तेव्हा लेखी तक्रार केली नाही हे ध्यानात घे.

आता मावशी सांगते की अठ्ठावीस तारखेला तू घर बदलतेयस, दुसऱ्या गावी जातेयस, आणि दाराशी एक पोतं दगड काढून ठेवलेत. मलबा नेणारी गाडी आली की त्यात टाकणार. मावशीने तुला विचारलं म्हणे, "अगं, हे कसले?" तर तू म्हणालीस, "ताईचे." बरोबर बोललीस. माझे म्हणजे संस्थेचे. तेव्हा ते टाकायचा तुला अधिकार नाही. पेटी नीट बांधून वरच्या पत्त्यावर पाठव, पाठवायचा खर्च काय तो मी बघेन.

बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात. तुझा पाय कसा आहे? पावसाळी हवेत दुखतो का अजून?

ताई


८ नोव्हेंबर

चि. ठकूस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. मावशीला फोन केला तर म्हणाली, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खिडकीच्या डगडगणाऱ्या दाराखाली सारलीस. निदान दार तरी स्थिर झालं.

मागचं पत्र मी साहेबी थाटात लिहिलं. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. तर आता सरळ सांगते. यादीबिदी निमित्त आहे. मला त्या कांड्या पुराव्यासाठी हव्यात. तुझ्या बाजूने.

मावशीने फोनवर विचारलं, "एवढं काय आहे त्या दगडांत? सोनं का?" मी तिला समजावत बसले. समुद्राच्या तळाशी चिखल बसतो ना मावशी, त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. ते बसताना पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसतात आणि चिखलाचा दगड झाला की तसेच अडकून राहतात, कोट्यवधी वर्षं. आणि पृथ्वीचं चुंबक मधून मधून उलटं होतं, उत्तरेचं दक्षिण. कधी कधी उलटं झालं त्याचं वेळापत्रक आम्हाला माहीत आहे. म्हणून थरांमध्ये सुलटं, उलटं, सुलटं असं मोजत गेलं की कुठला थर कधीचा ते कळतं. दोन खंडांच्या मधला समुद्र ज्या थरात संपला, तेव्हा ते खंड एकमेकांवर आदळले. मावशी म्हणाली, "म्हणजे भांडण कधी झालं ते तुम्ही चिखलावरून ओळखता." मी म्हटलं हो. ती म्हणाली, "मग तुमच्या दोघींचं कधी झालं ते मी सांगते, त्याला मशीन लागत नाही." बाई फोनवरून चिमटे काढते.

मग पुढचं तिला सांगितलं, तुला ते पाठ आहे. दगडातून कांडी काढली की काढण्याआधी ती कशी होती ते तिच्यावर बाण काढून ठेवायचं. आपल्या प्रयोगशाळेत बाण दगडाच्या आत जाणारा. मी परदेशी जिथे दोन वर्षं शिकून आले तिथे बाण बाहेर, आपल्याकडे तोंड करून. दोन्ही बरोबर. फक्त एका कामात एकच चालवायची, नाहीतर कांडी यंत्रात उलटी बसते.

त्या सहलीत एक दिवस सोडला तर सगळे बाण तू काढलेस. पाचव्या दिवशी तुझा पाय मुरगळला, तू जीपमध्ये जादा चाकावर पाय ठेवून बसलीस आणि त्या कड्यावरच्या आठ कांड्यांना खुणा मी केल्या. दोन महिने झाले होते मला परत येऊन. हात तिकडच्याच वळणावर चालला. बाण बाहेर.

आणि तो कडा तरी कसा मेला. त्याचं तोंड असं होतं की कांडी उलटी धरली तर चुंबकाची दिशा जवळजवळ हुबेहूब उलटी दिसावी. दुसऱ्या कुठल्याही कड्यावर घोळ त्याच आठवड्यात उघडा पडला असता. नऊ अंशांचा फरक राहिला होता. तू म्हणालीस, "ताई, हे नऊ अंश खटकतायत. आणि आठही कांड्या एकाच दिवसाच्या आहेत." मी म्हटलं, "दिवसाला काय विचारतेस, थराला विचार." मला उलटा पट्टा सापडला होता ना! त्यावरून टक्कर साठ लाख वर्षं मागे जात होती. कोण नऊ अंशांकडे बघतो?

हे मला गेल्या महिन्यात कोठार आवरताना लक्षात आलं. इतर कांड्यांवरचे तुझे बाण बघत होते, आखूड, शेपटाशिवाय, आणि एकदम आठवलं की त्या आठांना मी हात लावला होता. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून म्हणते, त्या कांड्या फेकू नकोस. कडा आता उरला नाही, रस्ता रुंद करताना त्याला सिमेंटचा लेप दिला. त्या आठ सोडून हा घोळ दाखवणारं जगात कुठे काही नाही.

ताई


१३ नोव्हेंबर

ठकू,

मंगळवारी तुझ्या फरशीच्या दुकानात आलेली बाई मीच होते, हे तुला कळलं. न कळायला तू काही आंधळी नाहीस.

सहा तास बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती. आत आले तर तू एका जोडप्याला स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी काळा दगड दाखवत होतीस. ओल्या फडक्याने पुसून दाखवलास, म्हणालीस, "हा दिसतो गुळगुळीत, पण डाग पकडतो." आवाज तोच. केस पांढरे झालेत गं तुझे, माझ्याहून जास्त. मग तू वळलीस आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "बोला, कोणत्या खोलीसाठी हवी?"

बोला! मला!

आणि मी, जिने चार खंडांत भाषणं ठोकली, ती म्हणाले, "न्हाणीघरासाठी." तू मोजमाप विचारलंस, मी सांगितलं. रंग विचारलास, सांगितला. माझ्या न्हाणीघराला फरशी आहे, तूच निवडली होतीस. तू चार नमुने काढलेस, एक कागदात गुंडाळून दिलास आणि देताना म्हणालीस, "मागे बाण असतो बघा. लावणाऱ्याला सांगा, सगळे बाण एकाच दिशेला हवेत. एक माणूस एका बाजूने आणि दुसरा दुसऱ्या बाजूने लावत गेला की मग दिसतं ते, आणि शिव्या तिसरा खातो." मागचं गिऱ्हाईक हसलं. मी बाहेर येऊन फुटपाथच्या कठड्यावर बसले.

तर तुला हे माझ्या पत्राआधीच माहीत होतं. कधीपासून, ते मला कळत नाही. चौकशी समितीच्या त्या खोलीत तीन माणसं लांब टेबलापलीकडे बसली होती, पाण्याचा जग होता, तू मांडीवर ती खाकी पिशवी धरून बसली होतीस. माझ्या टक्करीच्या निष्कर्षावर कायम भांडणाऱ्या त्या दाढीवाल्याने तक्रार केली होती. त्याने कडा झाकला जायच्या आधी तिथे नव्याने कांड्या काढल्या आणि सगळ्या सुलट्या निघाल्या. म्हणजे आपल्या आठ उलट्या होत्या हे उघडच होतं. प्रश्न एवढाच होता की कोणी केल्या आणि का. अध्यक्ष म्हणाले, "चाळीस दिवस एकाच हाताने बिनचूक खुणा केल्या. मग एका दिवसाच्या आठच कशा उलट्या? चुकून होतं तर सगळ्या झाल्या असत्या." त्यांचं गणित चोख होतं, फक्त हात दोन होते. तुला विचारलं, "या खुणा तुमच्या का?" तू म्हणालीस, "ताईला विचारा." मला विचारलं. मी म्हटलं, "वहीत लिहिलंय तसं."

वहीत काय होतं? मी घरी आल्यावर केलेली स्वच्छ प्रत. खुणा कोणी केल्या त्या रकान्यात पहिल्या ओळीत तुझं नाव आणि खाली चाळीस दिवस 'वरीलप्रमाणे'च्या दोन दोन रेघोट्या. लिहिताना आळसाने मारत गेले, पाचव्या दिवशीही मारल्या. देवाशपथ, त्या वेळी मनात पाप नव्हतं.

पण 'गेल्या महिन्यात लक्षात आलं' हे खोटं आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू वाचताना हसली असशील. मला समितीनंतर आठवड्याभरातच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. आज ना उद्या सांगू म्हणत. मग तू गेलीस, पदवी गेली, त्यांनी तुझ्या नावापुढे 'नमुन्यांत हेतुपुरस्सर फेरफार' असं लिहिलं. मी शोधनिबंध मागे घेतला तर सगळे म्हणाले, काय ही प्रामाणिक बाई, सख्ख्या बहिणीलाही पाठीशी घातलं नाही. पाठीशी! त्यावर मला विभागप्रमुख केलं.

दगड ठेव. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी ठेव. हात जोडते.

ताई


१८ नोव्हेंबर

ठकू, मावशी म्हणते पोतं अजून दाराशीच आहे, पण गाडीवाल्याला तू पंचवीस तारखेची वेळ दिलीस. सात दिवस. मी तुला फोन केला तर तो लागत नाही. तार कापल्यासारखं तू मला कापलंयस आणि मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

आपला निबंध छापला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांना मी मागच्या आठवड्यात पत्र लिहिलं होतं. चूक माझी होती, बहिणीवरचा ठपका काढा. आज उत्तर आलं. सभ्य माणूस आहे. म्हणतो, आपल्या भावना समजू शकतो, परंतु समितीसमोर जी वही होती ती आपण स्वतः सादर केली होती. त्याविरुद्ध केवळ आपला शब्द आहे, आणि बहिणीवरील मायेपोटी कोणीही असे लिहू शकेल. मूळ वही किंवा मूळ नमुने असल्यास कळवावे. खाली सही. मी ते पत्र हातात घेऊन हसले, मग हसू आवरेना, भट्टीवाला धावत पाणी घेऊन आला. अकरा वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलले तर पुरावा मागतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दगडांत पुरावा आहे, तो तुला मी सांगायला नको. कांडीचं एक टोक उन्हापावसाने करपलेलं, शेवाळाचे डाग असलेलं, म्हणजे बाहेरचं. बाण त्या टोकाकडे. म्हणजे तिकडची सवय, लबाडी नव्हे. आणि बाणाला माझं ते मेलं लांब शेपूट. शेंबडं पोरही सांगेल कुणाचा हात ते.

आणि मूळ वही. मूळ वहीचं विचारतात. ठकू, आता हे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. लिहून झालं की पाकिटाला डिंक लावेन, परत वाचणार नाही, वाचलं तर फाडेन.

समितीनंतर आठवड्याने कळलं हेही खोटं. समितीच्या आदल्या दिवशी कळलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मूळ वही काढली, ती चिखलाचे डाग पडलेली, सहलीतली. म्हटलं उद्या विचारलं तर तयारी असावी. पाचव्या दिवसाचं पान उघडलं तर सगळं माझं अक्षर. 'खुणा: मी. ठकू जीपमध्ये, पाय सुजलाय, तिला चहा नेऊन देणे.' असं लिहिलं होतं. चहा नेऊन देणे. मी उभ्या उभ्या पाचदा वाचलं. मला तुझा विचार आला नाही. खोटं कशाला बोलू, मला माझाच विचार आला. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या सवयीने बाण काढणारी, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करणार नाही अशी चूक करणारी प्राध्यापिका. लोक काय हसले असते.

त्या वेळी भट्टी सहाशे ऐंशी अंशांवर होती. लाल दगडातली चुंबकाची शेवटची आठवण पुसायला तेवढी उष्णता लागते. भट्टीवाला जेवायला गेला होता. मी पान फाडलं, नमुन्यांच्या तबकात ठेवलं आणि आत सारलं. दार लावायच्या आतच संपलं ते. मग मी हात धुतले आणि तुला हाक मारली, "ठकू, चहा घेणार का?" तू म्हणालीस नको. त्या दिवशी तू चहा नको म्हणालीस हे मला नंतर कितीदा आठवलं आहे.

मी दुसऱ्या दिवशी खोलीत गेले तेव्हा मनाशी म्हणत होते, विचारलं तर सांगेन. विचारलं. सांगितलं नाही.

हे वाचून तू पोतं आजच गाडीत टाकलंस तरी मी तुला दोष देणार नाही. पण टाकू नकोस गं. टाकलंस तर माझं काही जात नाही, मी सत्कार घेऊन घरी बसेन, फुलं सुकली की फेकेन. जाईल ते तुझं नाव, कायमचं, आणि ते मी घालवलेलं असेल. मला झोप नाही, जेवण नाही. आरशात बघितलं की ती प्रामाणिक बाई दिसते. मला हे घेऊन मरायचं नाही. काय करू सांग. तूच सांग, तू नेहमी सांगायचीस आणि मी ऐकायची नाही.

दगड मला पाठवू नकोस. माझ्या हातात आले तर म्हणतील हिने बाण आता काढले. दाढीवाल्याला पाठव. त्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. त्याच्याइतका माझा दुस्वास कोणी केला नसेल, म्हणून त्याच्यावर विश्वास बसेल.


२२ नोव्हेंबर

ठकू,

झालं ते सांगते, क्रमाने.

तुझ्याकडून काही आलं नाही. सकाळी मावशीला फोन केला, ती म्हणाली पोतं दाराशी, ठकू सामान बांधतेय. मी मनात धरलं होतं की दगड मिळाले की मग सगळ्यांसमोर सांगायचं, हातात पुरावा घेऊन, थोडी तरी अब्रू राखून. आज सकाळी साडी नेसताना लक्षात आलं, म्हणजे मी परत तेच करतेय. दगड नाही आले तर गप्प बसायला मला कारण मिळेल. आणि मला, ठकू, ते कारण हवंसं वाटत होतं. शरमेने मी तिथेच खाली बसले.

सभागृह भरलेलं होतं. प्रमुख पाहुणा कोण, तर दाढीवाला! संचालकांना वाटलं जुने मतभेद मिटवायला बरं. दाढी आता पूर्ण पांढरी. एक पितळी पाटी केली होती, प्रयोगशाळेच्या दाराला लावायला, माझं नाव आणि खाली 'सचोटीचा आदर्श'. संचालकांनी ती वर धरून दाखवली, टाळ्या झाल्या. मग मला बोलायला उभं केलं.

मी म्हटलं, पाटी खाली ठेवा. लोक हसले, वाटलं विनय. मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी या संस्थेने माझ्या बहिणीला फेरफार केला म्हणून काढलं. फेरफार नव्हता, चूक होती, आणि ती माझी होती. पाचव्या दिवशी तिचा पाय मुरगळला होता, बाण मी काढले. समितीच्या आदल्या दिवशी मला ते कळलं, वहीचं ते पान मी भट्टीत जाळलं. ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी 'वहीत लिहिलंय तसं' म्हटलं. माझ्याकडे याचा काही पुरावा नाही. नमुने असतील तर तिच्याकडे असतील आणि तिने ते द्यावेत असं मी तिच्यासाठी काही केलेलं नाही. एवढंच.

संचालक पुटपुटले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "आजच बरी आहे." मग भट्टीवाला मागून उठला. त्याला बोलायची सवय नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी जेवून आलो तर तबकात राख होती. मी पुसून टाकली. मला वाटलं कशाची असेल." आणि खाली बसून रडायला लागला. पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. कोणी माझ्याशी बोललं नाही, कोणी दार उघडून धरलं नाही. फुलांचा गुच्छ तिथेच राहिला.

हे सांगून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. तुझ्या अकरा वर्षांतलं एक मिनिटही यातून परत येत नाही हे मला कळतंय.

पोतं टाकायचं तर टाक. मी सांगितलं आहे.

ताई


६ डिसेंबर

ठकू,

हे पत्र टपालात जाणार नाही. तू गेलीस आणि नवा पत्ता मावशी देत नाही. या वेळी तिने पेन कुठे ठेवलंय हेही विचारलं नाही. म्हणाली, "लिही आणि माझ्याकडे दे. तिला वाटलं तर वाचेल." म्हणून तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ती भांडी घासतेय, जरा जास्तच जोरात.

काल दाढीवाल्याने बोलावलं होतं. गेले. त्याने मला खुर्ची दिली. तुझी पेटी टेबलावर होती.

तो म्हणाला, चोवीस तारखेला त्याला एक फोन आला. बाईने नाव सांगितलं नाही, त्याने आवाजावरून ओळखलं. तिने एकच विचारलं, "ताईने दगड मिळायच्या आधी सांगितलं, की मिळाल्यावर सांगणार आहे?" तो म्हणाला, "आधी. मी समोरच बसलो होतो." तिने फोन ठेवला. तीन दिवसांनी पेटी आली.

आठही कांड्या आहेत. बाण करपलेल्या टोकाकडे, शेपूट लांब. त्याने फोटो काढून संपादकांना आणि संस्थेला पाठवले. भट्टीवाल्याने लेखी जबाब दिला. संस्थेने तातडीच्या बैठकीत समितीचा निष्कर्ष रद्द केला, तुझी पदवी परत केली. कागद मावशीकडे ठेवलाय, हिरव्या फाइलमध्ये. माझ्यावर जी काय चौकशी व्हायची ती जानेवारीत होईल. होऊ दे. मी खालमानेने जाईन.

मग दाढीवाला म्हणाला, "हे तुम्ही बघायला हवं," आणि एक कांडी उलटी करून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक कांडीला खालून चिकटपट्टी आहे. पिवळी पडलीय, कडा सुटल्यात. तुझं अक्षर. तारीख समितीच्या आदल्या दिवसाची, वेळ दुपारची. म्हणजे त्याच दुपारी, मी भट्टीपाशी होते तेव्हा, तू कोठारात होतीस. म्हणून चहा नको म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीत तुझ्या मांडीवर जी खाकी पिशवी होती, तिच्यात या आठ कांड्या होत्या. हात घालून टेबलावर ठेवलं असतंस तर एका मिनिटात सुटली असतीस. तू पिशवी घट्ट धरून बसलीस आणि म्हणालीस, "ताईला विचारा."

आठही पट्ट्यांवर एकच मजकूर आहे. मी आठही वाचल्या.

'हा बाण ताईचा आहे. चुकून झालंय. उद्या ती स्वतः सांगेल.'

ताई